चुनापेटी

गाडीचा धूर सगळ्यात घाण कधी असतो, हा प्रश्न मी कुठल्याही कॉलेजात व्याख्यानाला गेले की आधी विचारते. कुणी सांगतं, घाट चढताना. कुणी सांगतं, सिग्नलला खोळंबल्यावर. कुणाचंच बरोबर येत नाही. धूर सगळ्यात घाण असतो तो सकाळी, गाडी आपल्याच दारात उभी असताना, किल्ली फिरवल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत. गाडी फाटकाबाहेर पडलेली नसते, कुणाचं काडीचंही काम झालेलं नसतं, आणि शहरातल्या त्या फेरीत जेवढं विष बाहेर पडायचं, त्यातलं निम्म्याहून जास्त तोवर पडून गेलेलं असतं.

कारण साधं आहे. इंजिनातून निघालेली नळी सायलेन्सरकडे जाताना मध्ये एक पत्र्याचा डबा लागतो. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम असल्या भारी धातूंचा पातळ लेप. धूर त्या जाळीतून गेला की त्यातला कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं पेट्रोल ही सगळी मंडळी निरुपद्रवी होऊन बाहेर येतात. पण हा डबा अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय कामाला हात लावत नाही. सकाळचा चहा झाल्याशिवाय फाईल न उघडणारे साहेब असतात ना, तसाच. आणि थंड इंजिन पेटवायला नेमकं तेव्हाच पेट्रोल जास्त ओतावं लागतं. म्हणजे घाण सगळ्यात जास्त आणि झाडूवाला झोपलेला.

विजेच्या गाड्या आल्या, येत राहिल्या, पण म्हणून लोकांनी आपल्या जुन्या पेट्रोलगाड्या गोदावरीत सोडून दिल्या नाहीत. आमच्या नाशकात तर थंडी अशी की डबा तापायला आणखीनच वेळ लागतो. चौकाचौकांत हवामापक यंत्रं बसली तेव्हा हिवाळ्यातल्या सकाळचे आकडे पाहून सगळ्यांचेच डोळे पांढरे झाले. मग थंड धुराचा कायदा आला. येत्या पाडव्यापासून शहरात कुठलीही पेट्रोलगाडी थंड डब्याने सुरू करायची नाही. डबा आधी तापवायची सोय असेल तर ठीक, नसेल तर गाडी भंगारात. नव्या महागड्या गाड्यांमध्ये बॅटरीवर डबा तापवायची सोय होती. जुन्या गाडीच्या बॅटरीला तो भार झेपत नाही. त्या जुन्या गाड्यांसाठी मी पेटी बनवली.

चुनकळीवर पाणी टाकलं की ती फसफसून तापते, हे एके काळी घराला रंग देणाऱ्या कुणालाही शिकवावं लागत नव्हतं. माझी सगळी विद्या तेवढीच. कन्व्हर्टरच्या भोवती चुनकळीच्या गोळ्या भरलेली एक पेटी गुंडाळायची. किल्ली फिरवली की तिच्यात छोट्या टाकीतून थोडं पाणी सुटतं, चुना तापतो आणि इंजिन पेटायच्या आत डबा कामाला तयार होतो. पुढची गंमत अशी की गाडी रस्त्यावर चांगली धावली, धूर पाचशे अंशांच्या वर गेला, की तोच धूर चुन्यातलं पाणी उडवून लावतो. वाफ थंड होऊन परत टाकीत, चुना पुन्हा कोरडा, दुसऱ्या सकाळसाठी हजर. कालच्या प्रवासाची ऊब आज वापरायची. कल्पना जगात अनेकांनी करून पाहिली होती, पण चार-दोन वेळा भिजला-वाळला की चुन्याचा भुगा व्हायचा. भुगा न होणारी गोळी आम्ही केली, अंबडच्या आमच्या छोट्या कंपनीत. कागदोपत्री तिचं नाव उष्मासंचयी आवरण. ऑफिसात सगळे चुनापेटी म्हणायचे, आणि केतकी खैरनार अख्ख्या शहराला चुना लावणार, असंही म्हणायचे.

मी केतकी खैरनार. त्या हिवाळ्यात माझी पेटी पास होते की नाही, यावर माझी झोप अवलंबून होती.

चाचणीचा नियम कडक होता. पन्नासेक जुन्या गाड्यांना पेट्या बसवायच्या, आणि मग कंपनीने हात लावायचा नाही. आकडे सीलबंद यंत्रात जमणार आणि ते फक्त समिती उघडणार. समितीच्या अध्यक्ष डॉ. यास्मिन तांबोळी. बाई रसायनशास्त्राच्या, बोलायला गोड आणि तपासायला खमक्या.

गाड्या मिळवायला मी वणवण करत होते तेव्हा आप्पा धावून आले. आप्पा म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून गंगापूर रोडला सुयोग सोसायटीत एकटेच राहतात, आणि सोसायटी स्वतःच्या हाताखालचा उपविभाग असल्यासारखी चालवतात. त्यांनी सभा बोलावली, मुलीच्या यंत्रावर भाषण ठोकलं आणि आपल्यासकट दहा निवृत्त मंडळींच्या गाड्या एका फटक्यात मिळवून दिल्या.

“एक चतुर्थांश... नाही, एक पंचमांश चाचणी माझ्या बिल्डिंगमध्ये!” ते फोनवर म्हणाले. “तू निर्धास्त राहा. मी स्वतः लक्ष घालतो.”

मी निर्धास्त राहिले. तिथेच घोडं अडलं.

मंगळवारी कुलथे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते आमच्या कंपनीचे मालक, मनाने चांगले, पण संकट आलं की आवाज बारीक करून बोलतात. त्या दिवशी तो फारच बारीक होता.

“समितीने मधले आकडे उघडलेत. टॅक्सीवाले, शाळेतले मास्तर, दवाखान्यातले लोक, सगळ्यांच्या गाड्या उत्तम. धूर जवळजवळ स्वच्छ.”

“मग?”

“सुयोग सोसायटी. दहाच्या दहा गाड्या नापास. पहिल्या दिवशी एकदम छान, दुसऱ्या दिवसापासून पेटी नसल्यासारखं.”

एखादी पेटी बिघडू शकते. एकाच पार्किंगमधल्या सगळ्या पेट्या एकाच वेळी कशा बिघडतील?

“तांबोळी मॅडम शुक्रवारी सकाळी तिथेच येणार आहेत शेवटच्या चाचणीला,” कुलथे म्हणाले. “केतकी, एक सुचवू? ह्या निवृत्त लोकांच्या गाड्या चाचणीतून काढून घेण्याचा अर्ज करू. वापर अनियमित, असं कारण देऊ.”

“आणि पाडव्यानंतर असल्याच लोकांनी पेट्या विकत घेतल्या तर? शहरातल्या निम्म्या जुन्या गाड्या असल्याच लोकांच्या आहेत, साहेब.”

त्यांनी हात वर केले. मी ठरवलं, आधी डोळ्यांनी बघायचं.

बुधवारी सकाळी आप्पांना न कळवता मी सुयोगच्या पार्किंगमध्ये पोचले. खांबांवर उभी केलेली बिल्डिंग, खाली गाड्या. कडाक्याची थंडी होती. सगळी ज्येष्ठ मंडळी कानटोप्या घालून आपापल्या गाडीत बसलेली, आणि मधोमध आपल्या गाडीच्या उघड्या दाराशी, किल्लीवर हात ठेवून आप्पा. गळ्यात मफलर, तोंडात शिट्टी.

त्यांनी शिट्टी फुंकली. दहा गाड्या एकदम सुरू झाल्या.

कुणीही जागचं हललं नाही. इंजिनं गुरगुरत राहिली. धूर पार्किंगच्या छताला लागून खाली उतरायला लागला आणि माझे डोळे चुरचुरले. कच्च्या पेट्रोलचा तो उग्र वास मी हजारदा घेतलेला आहे. हा थंड डब्याचा वास. वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकत खिडकी धाडकन लावून घेतली. मी सगळ्यात जवळच्या गाडीखाली हात घातला आणि पेटीवर तळवा ठेवला. पेटी दगडासारखी गार होती. आत बघायला आम्ही एक छोटी काच ठेवली आहे. तिच्यातून पाहिलं तर गोळ्यांचा लगदा झालेला, पानाच्या डबीतल्या चुन्यासारखा.

पुन्हा शिट्टी वाजली आणि सगळी इंजिनं बंद झाली. मग आप्पांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“अगं केतू! बघितलंस? रोज बरोबर सातला. एकही दिवस खाडा नाही. म्हटलं, थंड इंजिनाची चाचणी आहे ना, तर रोजच्या रोज ताजी नोंद मिळाली पाहिजे.”

“आणि मग गाड्या बाहेर काढता ना?”

“बाहेर?” आप्पा दचकलेच. “छे छे! तुझं यंत्र खाली लटकतंय. गंगापूर रोडचे स्पीडब्रेकर पाहिलेस का तू? एक आपटला की संपलं. मी सगळ्यांना ताकीद देऊन ठेवली आहे, चाचणी संपेपर्यंत कुणी गाडी हलवायची नाही.”

“आम्ही सगळे रिक्षानेच फिरतो,” शेजारच्या गाडीतून निकुंभ काकू म्हणाल्या. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, आप्पांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. “भाजी आणायलासुद्धा. म्हटलं, तुझं काम व्हावं.”

मी डोक्यावर हात मारून घेतला. आमच्या घरी नव्या सोफ्याचं प्लास्टिक सोफा जुना झाल्यावर निघालं. टीव्हीचा रिमोट आजही पिशवीत आहे. बोन चायनाचे कप कपाटात असे जपले की पाहुणे यायचे ते गेले, कप तिथेच राहिले. चांगली वस्तू वापरायची नसते, जपायची असते, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर पाजतात. आणि त्याच मायेने या दहा जणांनी माझी पेटी जपून जपून बुडवली होती. रोज सकाळी आत पाणी सुटत होतं, आणि ते वाळवायला लागणारी आच उभ्या गाडीच्या धुरात कधीच येणार नव्हती.

हे सगळं शांतपणे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. “आप्पा, तुम्ही माझ्या कामाचा जीव घेतलात,” मी सगळ्यांसमोर म्हणाले. “ही पेटी धावण्यावर जगते. धावली नाही तर मरते. तुम्हाला कुणी सांगितलं होतं लक्ष घालायला?”

शिट्टी काढून आप्पांनी खिशात ठेवली. आयुष्यभर कालव्यांवर शेकडो माणसं हाकलेला माणूस, पण त्या क्षणी ते मला एकदम लहान दिसले, आणि मला स्वतःची लाज वाटली. पण बोललेलं परत घेता येत नाही.

“म्हणजे माझ्यामुळे,” ते म्हणाले.

“आता ते सोडा,” निकुंभ काकू गाडीतून उतरत म्हणाल्या. “चुना वाळवायला काय करायचं, ते सांग.”

“गाड्या पळवायच्या. हायवेला, चांगल्या वेगात, तासभर तरी.”

आप्पांनी मान वर केली. त्यांच्यातला उपअभियंता जागा झालेला मला दिसला. “उद्या सकाळी. घोटीपर्यंत जायचं, यायचं. एकामागून एक, ओळीने. ज्यांना सवय राहिलेली नाही त्यांनी मध्ये राहायचं.”

ऑफिसात जायच्या आधी मी गाडीतूनच डॉ. तांबोळींना फोन लावला. लपवाछपवी मला जमत नाही आणि करायचीही नव्हती. गाड्या कधीच बाहेर निघाल्या नव्हत्या, उद्या आम्ही त्या पळवून आणणार आहोत, असं सरळ सांगून टाकलं.

“आणा की वाळवून,” त्या म्हणाल्या. “पण मला जे विचारायचंय ते मी शुक्रवारी विचारणारच.”

गुरुवारची ती वरात मी जन्मात विसरणार नाही. कित्येक दिवस धूळ खात पडलेल्या गाड्या, आणि त्यांच्यात नट्टापट्टा करून बसलेली मंडळी. कुणी जेवणाचे डबे घेतलेले, कुणी देवाला नारळ. आप्पा निकुंभ काकूंच्या गाडीत बसले.

“तुमची गाडी?” मी विचारलं.

“काकूंना हायवेची सवय नाही. त्यांना सोबत हवी. माझी मी दुपारी नेऊन आणतो.”

विल्होळी सोडली तसा रस्ता मोकळा झाला आणि या लोकांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. पुढे राहिलेले मागच्यांना हात दाखवायला लागले. रिटायर्ड मुख्याध्यापकांनी एका टेम्पोला मागे टाकलं आणि हॉर्न वाजवून सगळ्यांना कळवलं. घोटीला वडापाव खाताना मी एकेका गाडीखाली वाकून काचेतून बघत होते. लगदा सुकत चालला होता, गोळ्या पुन्हा सुट्या दिसायला लागल्या होत्या, टाकीत पाणी परत साठत होतं. माझ्या गोळ्या इतके दिवस ओल्या राहूनही फुटल्या नव्हत्या. मी तिथेच, हायवेच्या कडेला, धुळीने माखलेल्या हातांनी एक अख्खा वडापाव दोन घासांत संपवला.

दुपारी ऑफिसातून मी आप्पांना फोन केला. “गाडी नेली होती?”

“हो हो,” ते म्हणाले. “झालं ते.”

शुक्रवारी सकाळी तोंडातून वाफा निघत होत्या. डॉ. तांबोळी शाल गुंडाळून आल्या होत्या. त्यांच्या माणसाने धूर मोजायचं यंत्र मांडलं, त्याची नळी सायलेन्सरला लावायची तयारी केली. सगळी सोसायटी खाली उतरली होती. कुलथे साहेब माझ्या शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते.

“ह्या सगळ्यांना गोळा करणारे खैरनार कोण?” तांबोळी मॅडमनी विचारलं.

आप्पा पुढे झाले.

“तुमच्या गाडीपासून सुरू करू या. कुठली तुमची?”

आप्पांची गाडी आणि निकुंभ काकूंची गाडी शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या, दोन्ही पांढऱ्या. दोघांनी मिळूनच घेतल्या होत्या. आप्पा दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीने बघायला लागले. त्यांचा चेहरा बघून कुलथेंना काहीतरी उमगलं. ते हळूच आप्पांच्या कानाशी गेले. “शेजारची दाखवा. दोन्ही सारख्याच दिसतात, कुणाला कळणार?”

ते मला ऐकू आलं. आप्पांनाही अर्थात ऐकू आलं. त्यांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.

“ही माझी,” ते आपल्या गाडीवर हात ठेवून म्हणाले. “मॅडम, हिचा चुना ओला आहे. बाकीच्या सगळ्या काल घोटीला जाऊन आल्या. ही गेली नाही.”

“का?”

“मला आता गाडी चालवता येत नाही.”

आप्पा माझ्याकडे न बघता बोलत होते, तांबोळी मॅडमना खात्याचा अहवाल दिल्यासारखे. “डाव्या डोळ्याला काचबिंदू आहे. त्या बाजूचं दिसत नाही. हिची आई होती तोवर ती शेजारी बसायची आणि डावीकडचं मला सांगायची. स्कूटर आली, गाय आली, थांबा, चला. तिच्या भरवशावर मी बरीच वर्षं चालवली. ती गेली तेव्हापासून ही गाडी फाटकाबाहेर पडलेली नाही. नुसती सुरू करायची आणि बंद करायची. मुलीला मी सांगत होतो, काढतो म्हणून.”

“आप्पा, मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस आणि किल्ली काढून घेतली असतीस.”

ते खरं होतं. मी नक्की काढून घेतली असती. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच दमात इतका अभिमान वाटला की काय करावं कळेना. बाजूची गाडी दाखवली असती तर सगळं निभावलं असतं. चाचणी, पेटी, त्यांची अब्रू, सगळंच. चार पावलांचा प्रश्न होता, आणि ते चार पावलं सरकले नाहीत.

तांबोळी मॅडम थोडा वेळ दोन्ही गाड्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तरीही मोजू. आधी ही, मग शेजारची.”

आप्पांनी किल्ली फिरवली. गाडी खाकरत पेटली आणि तो ओळखीचा उग्र वास पसरला. नळी धरलेला माणूस तोंड फिरवून खोकायला लागला. पडद्यावरची रेघ वर चढली ती चढतच राहिली आणि बराच वेळ खाली यायचं नाव घेईना. कुलथेंनी डोळे मिटून घेतले.

मग काकूंनी किल्ली फिरवली. आधी पेटीतून बारीक फसफस ऐकू आली, मग इंजिन सुरू झालं. पडद्यावरची रेघ जरा उचलली गेली आणि तिथेच आडवी झाली. नळीवाला माणूस सायलेन्सरजवळ वाकला, मग आणखी वाकला. मागून दोन-तीन कानटोप्या पुढे आल्या. कशाचाच वास येत नव्हता. नुसती गरम, ओलसर हवा येत होती.

“एकच कंपनी, एकच वर्ष, एकच पार्किंग, एकच पेटी,” तांबोळी मॅडम म्हणाल्या. “फरक काय, तर एक बाहेर जाऊन आली आणि एक गेली नाही. आमच्या समितीत दोघांचं म्हणणं होतं की बाकीच्या गाड्या मुळातच बऱ्या असतील, पेटीचा त्यात काही वाटा नसेल. त्यांना दाखवायला मला हेच हवं होतं. खैरनार साहेब, तुमची गाडी नापास झाली म्हणून मुलीची पेटी पास झाली, असं समजा.”

काकूंनी टाळी वाजवली. पण मॅडमनी हात वर केला.

“आता माझा प्रश्न. पेटी उत्तम आहे, पण फिरणाऱ्याची आहे. मी मान्यता द्यायची तर अट घालावी लागेल. आठवड्यातून एकदा तरी गाडी लांबवर चालली पाहिजे. चालली नाही, तर ती पाडव्यानंतर शहरात ठेवता येणार नाही. केतकीबाई, मान्य आहे?”

सगळ्यांच्या नजरा आप्पांच्या गाडीकडे वळल्या. ही अट म्हणजे माझी पेटी पास, आणि वडिलांची गाडी भंगारात. मला वेळ मागावासा वाटला. काहीतरी सवलत, ज्येष्ठ नागरिकांसाठी काही वेगळी तरतूद, असलं काहीतरी जिभेवर आलंसुद्धा. पण मला समोर वरच्या मजल्याच्या लावून घेतलेल्या खिडक्या दिसत होत्या. त्या कुणी हौसेने लावून घेतल्या नव्हत्या.

“अट घाला, मॅडम,” आप्पाच म्हणाले. “कालव्याला पाणी सोडताना आम्ही ओळखीपाळखी बघितली नाही. हिचंही यंत्र ओल्या चुन्यावर पास करू नका.”

“मान्य आहे,” मी म्हणाले. आवाज बरा निघाला.

कागदांवर सह्या झाल्या. कुलथे साहेबांचा आवाज एकदम पूर्ववत झाला, ते सगळ्यांना पेढे देतो म्हणून सांगत सुटले. मंडळी चहाला वर गेली. आप्पा मात्र आपल्या गाडीजवळ उभे राहून काचेवरची धूळ हाताने पुसत होते. भंगारात जाणारी गाडी स्वच्छ जावी, एवढंच कदाचित त्यांच्या मनात असावं.

मी हात पुढे केला. “किल्ली द्या.”

“आत्ताच?” ते म्हणाले. “पाडव्याला अवकाश आहे अजून.”

“आप्पा, अट नीट ऐकलीत का तुम्ही? गाडी चालली पाहिजे, असं म्हटलंय. कुणी चालवली पाहिजे, ते म्हटलेलं नाही. मी शनिवार-रविवार काय करते? झोपते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि सवयीने उजव्या दाराकडे निघाले. मध्येच थांबले, वळले, गाडीला पूर्ण फेरी मारून डाव्या बाजूला गेले. त्या बाजूचं दार त्यांनी बाहेरून किती वेळा उघडलं असेल, पण आत कधी बसले नव्हते. सीटबेल्ट कुठून ओढायचा, ते मला दाखवावं लागलं.

मी गाडी फाटकापर्यंत आणली. गंगापूर रोडला सकाळची गर्दी सुरू झाली होती. शाळेच्या बस, स्कूटर, भाजीवाले. डावीकडे एक टेम्पो उभा असल्याने मला त्याच्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.

“आप्पा, डावीकडून काय येतंय?”

“अगं, मला कुठे दिसतं तिकडचं!” ते चिडून म्हणाले. “आत्ताच सांगितलं ना सगळ्यांसमोर!”

“मग मान वळवा. उजवा डोळा चांगला आहे ना?”

त्यांनी खिडकीची काच खाली केली, अख्खी मान डावीकडे वळवली, टेम्पोच्या पलीकडे वाकून पाहिलं.

“थांब. स्कूटर आहे,” ते म्हणाले. आणि मग, “चल. मोकळं आहे.”